न झालेली कावीळ

धाकट्याला उंचीची भीती कधी वाटली नाही. तो लिफ्टचा मेकॅनिक होता. दहा-बारा मजल्यांच्या अंधाऱ्या शाफ्टमध्ये केबिनच्या टपावर उभं राहून तो दोर तपासायचा, ब्रेकचे पट्टे बदलायचा, आणि खालून वॉचमननं चहा आल्याची हाक दिली तर "झाकून ठेवा, आलोच" म्हणून पुन्हा पान्याला हात घालायचा. पायाखाली काय आहे, याचा विचार त्याच्या मनाला शिवत नसे. सुई म्हटलं की मात्र त्याचे पाय लटपटायचे. दाढ ठणकत असली तरी तो आठवडाभर गाल धरून फिरेल, पण डॉक्टरच्या दारात जाणार नाही.

आईवडील तो शाळेत असतानाच गेले. त्याला वाढवलं थोरल्या भावानं आणि वहिनीनं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा धाकटा सहावीत होता. त्याच्या शर्टाची बटणं लावण्यापासून ते त्याच्या मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं तिनं केलं. ती त्याला अरेतुरे करायची, वेळ पडली तर धपाटाही घालायची. पुढं धाकटा कमावता झाला, त्यानं वेगळी खोली घेतली. त्याचं लग्न काही जमलं नाही. पण सुट्टीच्या दिवशी जेवायला भावाकडे, हा नियम कधी मोडला नाही.

थोरल्याचा मोटार ड्रायव्हिंगचा क्लास होता. क्लास म्हणजे एक जुनी गाडी, तिच्या डाव्या बाजूला जोडून घेतलेला जादा क्लच-ब्रेक, आणि थोरल्याची जीभ. शिकायला आलेली माणसं आधी घाबरलेली असायची. थोरला त्यांना एकेक किस्सा सांगत, हसवत हसवत चौकातून पार न्यायचा. त्याच्या किश्श्यांत धाकटा हटकून असायचा.

त्यालाही कारण होतं. फार वर्षांपूर्वी थोरल्याच्या गाडीला अपघात झाला, तेव्हा त्याला रक्त लागलं आणि कोणाचंच जुळेना. मग कळलं की थोरल्याचं रक्त लाखात एखाद्यालाच असतं तसलं आहे. दुसरं कुठलंही दिलं तर ते अंगावर उलटणार. घरात तपासणी झाली आणि धाकट्याचं नेमकं तेच निघालं. धाकट्यानं तेव्हा डोळे मिटून, दात आवळून एक पिशवी रक्त दिलं, आणि उठून उभा राहिला तो थेट नर्सच्या अंगावर कोसळला. भाऊ वाचला. पण बरा झाल्यावर थोरल्यानं त्या कोसळण्याचा किस्सा केला. "गाडीत पेट्रोल संपत आलं की कॉक फिरवून रिझर्व्हला लावायची. आपला रिझर्व्ह हा असा," असं म्हणून तो धाकट्याच्या पाठीवर थाप मारायचा, मग कोसळायची नक्कल करायचा. गल्लीत धाकट्याचं नावच पडलं, रिझर्व्ह. धाकटा सगळ्यांबरोबर हसायचा. आत कुठं तरी ते त्याला टोचायचं. टोचतं असं म्हणावं, तर ज्यानं आपल्याला वाढवलं त्याच्या थट्टेचा राग कसा धरायचा, हेही कळत नसे.

पुढं पुष्कळ वर्षांनी थोरल्याच्या लघवीतून रक्त जायला लागलं. तपासण्या झाल्या. एका मूत्रपिंडात गाठ निघाली. ती वेळेवर सापडली होती. मूत्रपिंड काढून टाकलं की माणूस बरा होईल असं सर्जन म्हणाले, पण ऑपरेशन रक्ताचं होतं. त्या रक्ताची माणसं आणखी कुठं आहेत का याची चौकशी झाली. दोघंच सापडली. एक परदेशी गेलेला होता आणि दुसरी नुकतीच बाळंत झालेली. उरला धाकटा.

थोरल्यानं फोन केला. "बुधवारी सकाळी हॉस्पिटलात ये. एक पिशवी काढून ठेवायचीय. उपाशी येऊ नकोस बाबा, नाहीतर परत नर्सला मिठी मारशील." आणि स्वतःच खो खो हसून फोन ठेवून दिला.

देशील का, असं त्यानं विचारलं नाही. विचारावं असं त्याला सुचलंही नसणार. घरातली शिडी मागवावी तसं त्यानं भावाला बोलावलं.

बुधवारी धाकटा निघाला. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेला. गाडी स्टँडला लावली, हेल्मेट काढलं. फाटकाच्या आत, रक्तपेढीच्या पायऱ्यांवर एक माणूस कोपरात कापूस दाबून बसला होता. धाकट्याच्या तळहातांना घाम फुटला. एकदा केलंय, पुन्हा होईल, असं त्यानं मनाला बजावलं. मग थोरल्याचं ते हसणं त्याच्या कानात वाजलं. त्यानं हेल्मेट परत डोक्यावर घातलं.

दोन चौक पुढं जाऊन त्यानं वहिनीला फोन लावला. "वहिनी, मला कावीळ झालीय म्हणतात डॉक्टर."

त्याच्या कामाच्या एका इमारतीतला वॉचमन नुकताच काविळीनं आडवा झाला होता, म्हणून तेच तोंडात आलं. त्यातही त्याचा एक हिशेब होता. ताप म्हटलं की चार दिवसांत उतरतो. कावीळ म्हटलं की लोक वीसेक दिवस तरी गप्प बसतात. तेवढ्यात ऑपरेशन पुढं ढकलतील, आपण मनाची तयारी करू आणि जाऊ. द्यायचंच नाही असं त्यानं ठरवलेलं नव्हतं. आज नको, एवढंच.

पण खोटं बोलताना त्यानं नको ते खोटं निवडलं. काविळीच्या माणसाचं रक्त वर्षभर तरी कोणी घेत नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. ताप म्हणाला असता तर डॉक्टर आठवडाभर थांबले असते. कावीळ म्हटल्यावर त्याच्यासाठी थांबण्यात अर्थच उरला नाही. थोरल्याचं रक्त लघवीतून रोज थोडंथोडं जातच होतं. जितकं थांबावं तितकं ते आणखी कमी होणार. ऑपरेशन ठरल्या दिवशीच करायचं ठरलं.

वहिनीनं संध्याकाळी धाकट्याला फोन करून हे सांगितलं. "मग रक्त?" त्यानं विचारलं.

"भूल देणाऱ्या डॉक्टरबाई काहीतरी करणार आहेत. उद्या समजावून सांगते म्हणाल्या. तू नको येऊस, पडून राहा. पथ्य सांभाळ."

खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. आख्खी रात्र होती. त्यानं फोन तीन-चारदा हातात घेतला आणि तीन-चारदा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो हॉस्पिटलात गेलाच. थोरला खाटेवर बसून शेजारच्या पेशंटला उतारावरच्या गिअरचं महत्त्व पटवून देत होता. धाकट्याला पाहून तो चिडला. "तुला अक्कल आहे का? काविळीत माणसानं अंथरूण सोडायचं नसतं. लिव्हरवर ताण येतो." मग वहिनीकडे वळून म्हणाला, "त्याला बसायला खुर्ची दे आधी."

उद्या ज्याचं पोट फाडणार, तो माणूस याच्या लिव्हरची काळजी करत होता. धाकटा खुर्चीच्या कडेवर टेकला.

डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या, बुटक्या, बोलणं शांत. त्यांनी वहिनीला समजेल अशा बेतानं सांगितलं. "भूल दिल्यावर सुरुवातीलाच मी यांचंच दोन पिशव्या रक्त काढून बाजूला ठेवणार. तेवढी जागा सलाईननं भरणार. म्हणजे अंगात रक्त तेवढंच, पण पातळ. ऑपरेशनमध्ये जे वाहून जाईल ते पातळ रक्त जाईल. शेवटी यांचं घट्ट रक्त यांनाच परत."

"पण पातळ रक्तावर माणूस जगतो का?" वहिनीनं विचारलं.

"एका मर्यादेपर्यंत नीट जगतो. पातळ रक्त भराभर वाहतं. हृदय एकेका ठोक्याला जास्त रक्त पुढं ढकलतं. शरीर येणाऱ्या रक्तातून नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन काढून घेतं. शिवाय भुलेत माणूस काही करत नसतो. स्नायू सैल, मेंदू झोपलेला. सगळ्याची मागणीच कमी असते. अंग गरम ठेवायचं, ऑक्सिजन भरपूर द्यायचा. यांचं हिमोग्लोबिन आत्ता बारा आहे, ते मी नऊच्या आसपास आणणार. सातपर्यंत गेलं तरी मी घाबरत नाही." त्यांनी थोरल्याकडे पाहिलं. "भार पडतो तो हृदयावर. यांचं हृदय चांगलं आहे, म्हणूनच हे करतेय."

"घ्या," थोरला म्हणाला. "म्हणजे दुधात पाणी घालायचं आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही."

वहिनीही हसली. डॉक्टरबाई हसत हसत धाकट्याकडे वळल्या. "तुम्हीच ते भाऊ? कावीळवाले?" त्यांनी त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "डोळे तर पांढरे स्वच्छ दिसतायत."

"उतरतेय आता," धाकटा म्हणाला.

"रिपोर्ट आहे का?"

"घरी राहिलाय."

त्या आणखी काहीतरी विचारणार होत्या. त्यांनी एकदा थोरल्याकडे पाहिलं, वहिनीकडे पाहिलं, आणि "बरं" म्हणून निघून गेल्या.

ऑपरेशनच्या दिवशी धाकटा थिएटरबाहेरच्या बाकाच्या टोकाला बसला. वहिनीनं त्याच्यासाठी घरून उकळलेलं पाणी आणलं होतं. ती त्याला मधूनमधून प्यायला लावत होती, आणि तो पीत होता. समोरच्या लिफ्टचं दार बंद होताना खरखरत होतं. एरवी त्यानं तेवढ्या आवाजावरून बिघाड ओळखला असता. त्या दिवशी तो नुसता ऐकत राहिला. आत भावाचं हृदय दुप्पट राबत असेल, असं त्याच्या मनात येई. आपण जे करायचं टाळलं ते काम आता ते हृदय करतंय. मग त्याला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू यायचे. ते अंगभर घट्ट, लाल, बिनकामाचं रक्त फिरवत होते.

सांगितलेली वेळ उलटली. एक नर्स पळत बाहेर आली आणि पळतच आत गेली. वहिनीनं धाकट्याचा हात धरला. तिची बोटं गार पडली होती.

दुपार कलल्यावर डॉक्टरबाई बाहेर आल्या. टोपीखालचं कपाळ घामानं भिजलेलं. "गाठ निघाली. पेशंट स्थिर आहे. मधे एक शीर फाटली, बरंच रक्त गेलं. आकडा पाचवर गेला होता. आता त्यांचं रक्त परत दिलंय, सातवर आहे. आजची रात्र झोपवूनच ठेवणार, मशीनवर. म्हणजे शरीराला कष्ट नकोत."

"पाच?" धाकटा म्हणाला.

"हो," असं म्हणताना डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्या परत आत गेल्या.

थोरला वाचला. शुद्धीवर आला तेव्हा तो कागदासारखा पांढरा होता, ओठसुद्धा. तपासायला रक्त घ्यायचं तर नर्स लहान मुलांच्या नळ्या आणायच्या आणि थेंबभरच घ्यायच्या, तेवढंही वाया जाऊ नये म्हणून. नुसतं कुशीवर वळला तरी त्याला धाप लागायची. बोलायला जमलं तेव्हा त्यानं वहिनीला पहिलं काय विचारलं, तर "धाकट्याची कावीळ कितपत उतरली?"

घरी आणलं तेव्हा दुसऱ्या मजल्यापर्यंत जिना. थोरल्यानं चार पायऱ्या चढून कठडा धरला आणि तो तिथंच बसला. धाकट्यानं शेजाऱ्याला हाक मारली, थोरल्याला खुर्चीत घातलं, आणि दोघांनी उचलून वर नेलं. खुर्चीत बसल्या बसल्या थोरला पुटपुटत होता, "तू कशाला उचलतोस रे, तुझ्या अंगात कुठं ताकद आहे?"

धाकट्यानं कामावर रजा टाकली आणि तो भावाकडेच राहिला. त्याचं अंग पुसणं, त्याला संडासापर्यंत नेणं, त्याची औषधं, सगळं त्यानं अंगावर घेतलं. रक्त वाढवायच्या इंजेक्शनसाठी नर्स घरी यायची, तेव्हा मात्र तो गॅलरीत जाऊन उभा राहायचा. थोरल्याचं त्याच्या पथ्याकडे बारीक लक्ष होतं. "त्याच्या भाजीत तेल नको, तिखट नको," असं तो खाटेवरून ओरडायचा. ओरडता ओरडता दम लागून थांबायचा. वहिनी दोघांसाठी एकच बेचव भाजी उकडायची. धाकटा महिनाभर ती मुकाट गिळत होता. कोणी शिक्षा दिली असती तर त्यानं ती हौसेनं भोगली असती. पण ही शिक्षा नव्हती, हे लाड होते. ते काही केल्या घशाखाली उतरत नसत.

हळूहळू थोरल्याच्या गालांवर रंग आला. तो चालायला लागला, खाली जाऊन गाडी पुसायला लागला. पण एक गोष्ट धाकट्याच्या लक्षात आली. शेजारी बघायला आले होते आणि थोरला त्यांना जुना किस्सा सांगत होता, एका बाईंनी ब्रेकऐवजी वायपर चालू केला तो. ऐन मोक्यावर येऊन तो थांबला. पुढचं त्याला आठवेना. त्यानं कपाळ चोळलं, हसला, म्हणाला, "अरे, काय झालं होतं बरं?" शेवट धाकट्यानं सांगितला. सगळे हसले. धाकटा हसला नाही.

पुढं ते पुन्हापुन्हा होऊ लागलं. नाव जिभेवर यायचं आणि निसटायचं. तपासायला गेले तेव्हा सर्जन म्हणाले, वय आहे, मोठं ऑपरेशन झालंय, भुलेचाही असर राहतो, होईल कमी. पाचवर गेल्यामुळं झालं का, असं धाकट्यानं विचारलं. "सांगता येत नाही," सर्जन म्हणाले.

सांगता येत नाही, यावर माणसानं काय करायचं? त्यामुळंच झालं असं कोणी म्हणालं असतं, तर निदान आपला गुन्हा केवढा ते कळलं असतं.

एके दुपारी थोरला झोपला होता. वहिनी स्वयंपाकघरात भांडी लावत होती. धाकटा दारात जाऊन उभा राहिला.

"वहिनी, मला कावीळ झालीच नव्हती."

तिला आधी कळलंच नाही. "म्हणजे? रिपोर्ट चुकला?"

"रिपोर्ट नव्हताच. मी घाबरलो. फाटकापर्यंत आलो होतो, परत गेलो. मला वाटलं, ऑपरेशन पुढं ढकलतील."

वहिनीच्या हातात पातेलं होतं. ते तिनं फळीवर नीट पालथं घातलं, त्याची कड दुसऱ्या पातेल्याच्या कडेला जुळवली. मग ओल्या हातांनीच स्टुलावर बसली. "मी त्या बाकावर बसून तुला पाणी पाजत होते," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा तरी बोलायचंस. तू होतास ना तिथं? आत तो पाचवर, आणि तू बाहेर पाणी पीत होतास."

"दादाला सांगून टाकतो आज," धाकटा म्हणाला.

"अजिबात नाही." तिचा आवाज चढला नाही. "त्याला सांगून तुझं मन हलकं होईल. आणि त्याचं? आपण मरत होतो आणि धाकटा खोटं बोलला, हे घेऊन तो बसेल. आधीच त्याचं डोकं थकलंय. त्याला नाही सांगायचं. तुझं तू बघ."

त्या रात्री जेवायला बसल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, भात घेता का अजून?"

थोरल्याचा घास हातातच राहिला. "अगं, हा कधीपासून भाऊजी झाला? आणि घेता काय, घेतोस का म्हण."

"मोठे झाले आता ते," वहिनी म्हणाली आणि तिनं भाताचं भांडं धाकट्यासमोर सरकवलं.

सहावीतल्या मुलाला तिनं कधी परकं केलं नव्हतं. ते तिनं त्या एका 'घेता'त केलं. ती रागावली नाही, कुणापाशी बोलली नाही, जेवणखाण नेहमीसारखंच वाढत राहिली. फक्त बोलताना तुम्ही. धाकट्याला कोणी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात तो कोणाला न सांगता हॉस्पिटलात गेला. डॉक्टरबाई चहा घेत बसल्या होत्या. त्यांनी त्याला ओळखलं. तो उभ्यानंच बोलून गेला: कावीळ खोटी होती, माझं रक्त चांगलं आहे, भावाला पुन्हा कधी लागलं तर असावं म्हणून आत्ताच काढून साठवून ठेवा.

डॉक्टरबाईंनी कप खाली ठेवला. "बसा," म्हणाल्या. "शीर फाटली तेव्हा काय झालं, सांगू का तुम्हाला?"

त्यानं मान हलवली.

"त्यांचंच दोन पिशव्या रक्त त्यांच्या उशाशी टांगलेलं होतं. लगेच दिलं असतं तर तेही फाटलेल्या शिरेतून बाहेर गेलं असतं. शीर बांधून होईपर्यंत थांबणं भाग होतं. आकडा उतरत होता, मॉनिटरवर हृदयाची रेघ बदलायला लागली होती. हृदयाला कमी पडतंय, याची ती खूण असते. आणि मी हात बांधून उभी. सर्जनचा हात कधी थांबतो ते बघत. मला भूल देताना इतकी वर्षं झाली, पण इतका वेळ मी कधी थांबले नव्हते."

"माझी पिशवी असती तर?"

"एका पिशवीनं आकडा साधारण एकानं वाढतो. पाचाचा सहा."

"त्यानं फरक पडला असता?"

"कदाचित काहीच नाही. शरीर फार सोसतं, तुमच्या भावानं सोसलंच. कदाचित ती रेघ बदललीच नसती. खोटा धीर देत नाही तुम्हाला. मला माहीत नाही."

धाकट्यानं खाली पाहिलं. त्याच्या नखांत ग्रीस होतं. ते तो दुसऱ्या नखानं काढत राहिला.

"रक्त द्यायचं नाही, असं म्हणायचा हक्क प्रत्येकाला असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नाही म्हणाला असतात तर मी दुसरं काहीतरी जुळवलं असतं. निदान भीती वाटते एवढं म्हणाला असतात, तर आडवं झोपवून, हात धरून काढलं असतं. तुम्ही खोटं बोललात त्याचा मला राग आहे. आणि माझा मलाही आहे. तुमचे डोळे मी पाहिले होते. कावीळ नाही, हे मला तिथंच कळलं होतं. बाजूला घेऊन एकट्याला विचारायला हवं होतं. घरचं भांडण अंगावर येईल म्हणून मी 'बरं' म्हणाले आणि गेले." त्यांनी कप उचलला, त्यातला चहा गार झाला होता. "आमच्या कामाला भूल म्हणतात आणि चुकीलाही भूलच म्हणतात. विद्यार्थी असताना आम्ही यावर फार हसायचो."

त्या दिवशी त्यांनी स्वतः त्याला रक्तपेढीत नेलं, टेबलावर आडवं केलं, आणि सुई आत गेली तेव्हा त्याचं मनगट धरून ठेवलं. तो घामानं चिंब झाला. सुटलो, असं मात्र त्याला वाटलं नाही. पिशवी भरत होती आणि त्याच्या मनात एकच होतं, हे इतकंच होतं. एवढ्याचसाठी.

ते रक्त गोठवून साठवलं गेलं. थोरल्याला पुन्हा त्याची गरज पडली नाही. ते कुठल्याशा दुसऱ्या बाईला गेलं. त्यानंतर असल्या रक्तासाठी कुठूनही निरोप आला की धाकटा जायचा. कधी बसनं, कधी रात्रभर प्रवास करून. प्रत्येक वेळी त्याला चक्कर यायची. पेशंटचे नातेवाईक हात जोडायला यायचे तेव्हा तो चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकायचा आणि वाट काढून निघून जायचा.

थोरल्याला त्याचं कोण कौतुक. तो पुन्हा क्लास घ्यायला लागला होता, पहिल्यासारखा दिवसभर नाही, सकाळचे दोन-तीनच. किस्से मधेच तुटायचे, पण माणसं शिकायची. कोसळण्याची नक्कल मात्र त्यानं बंद केली होती. आता तो नव्या विद्यार्थ्यांना वेगळंच सांगायचा. "माझ्या ऑपरेशनच्या वेळी याला कावीळ झालेली. अंगात त्राण नाही. तरी पठ्ठ्या दिवसभर बाहेर बसून होता. असा भाऊ मिळायला नशीब लागतं." धाकटा कधी मागच्या सीटवर असला तर काचेतून बाहेर बघायचा.

वर्षं गेली. वहिनीचं 'तुम्ही' हळूहळू विरत गेलं. धाकटा एकदा शिडीवरून पडून गुडघा फोडून घेऊन आला, तेव्हा ती "आंधळा झालास का रे?" म्हणून खेकसली, आणि मग दोघंही त्याबद्दल काही बोलले नाहीत. पुढंही कधी तुम्ही, कधी तू, असं चालायचं.

गेल्या वर्षी वहिनी आजारी पडली. धाकटा तिच्या उशाशी बसला होता. थोरला औषधं आणायला खाली गेला होता. ती म्हणाली, "मी तुला त्याला सांगू नको म्हटलं होतं. तेव्हा तो फार अशक्त होता. आता तो ठणठणीत आहे. सांगायचं असेल तर सांग. माझी काही हरकत नाही."

धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं त्यानं स्वतःची समजूत घातली होती की वहिनीनं तोंड बांधलंय म्हणून आपण गप्प आहोत. आता ती गाठ तिनंच सोडून दिली होती. थोरल्याची पावलं जिन्यावर वाजत होती. तो मधे थांबून कोणाशी तरी बोलत होता, हसत होता. धाकट्याच्या तळहातांना घाम फुटला, अगदी फाटकापाशी फुटला होता तसा.

"नको," तो म्हणाला.

वहिनीनं डोळे मिटून घेतले. "बरं," ती म्हणाली.

दार उघडून थोरला आत आला. औषधाची पिशवी धाकट्याच्या हातात देत म्हणाला, "यातली जेवणाआधीची कुठली ते वाचून सांग. माझ्या लक्षात राहत नाही." धाकट्यानं गोळ्यांचं पाकीट उजेडात धरलं आणि तो मोठ्यानं वाचू लागला.